युद्धाचा नकाशा छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगात कुठेही युद्ध पेटले की दुसऱ्या दिवसापासून बातमीशेजारी नकाशा येऊ लागतो. एका बाजूला तांबडा रंग, दुसऱ्या बाजूला निळा, मधे दोन-तीन जाड बाण. वाचक बातमी अर्धी टाकतो, पण नकाशा पाहतोच, आणि महिन्याभराने तोच त्याच्या लक्षात राहिलेला असतो. हे पत्र त्या नकाशाबद्दल आणि त्याच्या शेजारच्या शब्दांबद्दल आहे. युद्धात सरकलेली सीमा पक्की होण्याआधी कागदावर येते आणि लोकांच्या डोक्यात बसते. या दोन्ही जागी पोचायची वाट वृत्तपत्रातून जाते.

लढाई थांबली, तह झाला, रेघ ओढली, संपले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ही तीन निराळी कामे आहेत आणि बहुधा तीन निराळ्या प्रकारची माणसे ती करतात. आधी राजकारणी मुलूख वाटून घेतात: ते बंदर आमचे, हा डोंगर तुमचा. मग करारात त्या वाटणीचे शब्दांत वर्णन होते आणि सोबतच्या नकाशावर रेषा येते. शेवटी मोजणीदार जमिनीवर जातात, खांब रोवतात आणि प्रत्येक खांबाचे अक्षांश-रेखांश नोंदवतात. पहिल्या आणि तिसऱ्या कामाच्या मधे कधी दोन वर्षे जातात, कधी साठ. कधी तिसरे काम होतच नाही. मधल्या काळात देशाची हद्द म्हणजे चार शब्द आणि पेन्सिलची एक रेघ, आणि पुढची बहुतेक भांडणे तिथेच उगवतात.

रेघेची जाडी ही बाब किरकोळ वाटेल. 30 नोव्हेंबर 1948 रोजी जेरुसलेमच्या मुसरारा भागातल्या एका ओसाड घरात इस्रायलचे सेनाधिकारी मोशे दायान आणि जॉर्डनच्या अरब सैन्याचे अब्दुल्ला अल-तल यांनी 1:20,000 प्रमाणाच्या नकाशावर आपापली पुढची ठाणी दाखवणाऱ्या रेघा मेणाच्या पेन्सिलने ओढल्या. एकाची लाल, दुसऱ्याची हिरवी. जाडी 3 ते 4 मिलिमीटर. त्या प्रमाणावर 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 20 मीटर, तेव्हा रेघ स्वतःच 60 ते 80 मीटर रुंद झाली. काम चलाऊ युद्धविरामाचे होते, पण 3 एप्रिल 1949च्या शस्त्रसंधीत तोच नकाशा आधार ठरला. मग रेघेखाली झाकलेली घरे आणि गल्ल्या कोणाच्या? हद्द रेघेच्या आतल्या कडेपासून मोजायची की बाहेरच्या? त्या शस्त्रसंधीत स्पष्ट लिहिले होते की या रेषेमुळे अंतिम सीमेबाबत कोणाच्याही दाव्याला बाधा येत नाही. नकाशांवर रेषा आली, ते कलम मागे राहिले.

शब्दांचेही तेच. 27 जुलै 1949च्या कराची करारात काश्मीरमधली युद्धविराम रेषा गावागावांनिशी सांगितली आहे, पण शेवटी नुसते ‘तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत’ एवढेच. इतक्या उंचीवर कोण भांडायला जाणार, हा त्यामागचा हिशेब. 1972मध्ये नियंत्रण रेषा आखली गेली तेव्हाही ती एनजे 9842 या नकाशावरच्या बिंदूपाशी थांबली. पुढे ‘उत्तरेला’ या एका शब्दाचे दोन अर्थ झाले. भारताच्या मते साल्तोरोच्या डोंगरधारेने वर, पाकिस्तानच्या मते ईशान्येला काराकोरम खिंडीकडे. यात नकाशे छापणाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे आणि तो कमी बोलला जातो. अमेरिकेत छापलेल्या काही नकाशांवर त्या बिंदूपासून काराकोरम खिंडीपर्यंत सरळ रेघ दिसू लागली. कोणत्याही करारात ती नव्हती. तिथून ती ॲटलासांत गेली, गिर्यारोहकांच्या हाती गेली, आणि परदेशी मोहिमा सियाचेनचा परवाना पाकिस्तानकडे मागू लागल्या. 13 एप्रिल 1984 रोजी भारतीय सैन्य तिथे चढले. ती रेघ ओढणाऱ्याने कदाचित नुसती मोकळी जागा भरली असेल. म्हणूनच मोकळी जागा मोकळी ठेवणे हेही नकाशा काढणाऱ्याचे काम आहे, असे मी मानतो.

इराक आणि कुवेत यांच्या सीमेचे उदाहरण आणखी बोलके आहे, कारण त्यात रेषा आणि प्रचार दोन्ही एकत्र भेटतात. 1932च्या पत्रव्यवहारात ही सीमा ‘सफवानच्या अक्षांशाच्या जराशी दक्षिणेच्या’ एका बिंदूवरून पूर्वेकडे जाते असे लिहिले होते. सफवान हे सीमेजवळचे इराकी गाव. जराशी म्हणजे किती? 1923 साली सफवानच्या दक्षिणेला रस्त्यावर हद्दीची एक पाटी उभी केली होती. ती पुढे नाहीशी झाली, पुन्हा उभी राहिली, आणि पुन्हा उभी केलेली जागा मूळची नव्हे म्हणून तक्रार झाली. वाद कुजत राहिला. ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेत गिळला आणि महिना संपण्याआधी त्याला आपला 19वा प्रांत जाहीर केले. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने जुने कागद, जुनी हवाई छायाचित्रे आणि प्रत्यक्ष मोजणी यांवरून ती पाटी कुठे असावी हे शोधले: जुन्या जकात नाक्याच्या आवाराच्या नैऋत्य कोपऱ्यापासून 1,430 मीटर. मग दर 2 किलोमीटरला एक, असे 106 सीमास्तंभ रोवले गेले आणि 27 मे 1993च्या 833 क्रमांकाच्या ठरावाने सुरक्षा परिषदेने ती सीमा अंतिम ठरवली. ‘जराशी’ या शब्दाचे मीटर व्हायला 61 वर्षे आणि एक युद्ध लागले.

आता प्रचाराकडे. सीमा ओलांडायला निमित्त लागते, आणि निमित्त तयार करण्याची कृती आश्चर्य वाटावे इतकी ठरावीक आहे. घटना लहान असावी, रात्रीची असावी, आपल्याच ताब्यातल्या जागी घडावी म्हणजे बाहेरचा साक्षीदार नसतो. आणि तिची बातमी घटनेच्या आधी तयार असावी. 18 सप्टेंबर 1931च्या रात्री चीनच्या मांचुरिया भागातल्या मुकडेन शहराजवळ जपानच्या रेल्वेवर स्फोट झाला. तो जपानी अधिकाऱ्यांनीच घडवला होता. राष्ट्रसंघाने चौकशीला नेमलेल्या लिटन आयोगाच्या अहवालाप्रमाणे तुटलेला रूळ सगळा मिळून 31 इंचांचा होता, आणि त्यानंतर त्याच मार्गावरून आलेली गाडी मुकडेनला वेळेवर पोचली. पण सकाळपर्यंत जपानी सैन्याने शहर घेतले होते आणि साडेपाच महिन्यांत, 1 मार्च 1932 रोजी, मांचुको नावाचा ‘स्वतंत्र’ देश जाहीर झाला. लिटन अहवाल ऑक्टोबर 1932मध्ये बाहेर आला. राष्ट्रसंघाने तो फेब्रुवारी 1933मध्ये स्वीकारला. विरोधात एकटे जपान. तोवर नकाशावर नवा देश, नवा रंग येऊन वर्ष होत आले होते.

31 ऑगस्ट 1939च्या रात्री पोलंडच्या सीमेजवळच्या ग्लायविट्झ या जर्मन गावातल्या रेडिओ केंद्रावर जर्मनांनीच पोलिश हल्लेखोरांचा बनाव रचला. त्यातला एक तांत्रिक तपशील वृत्तपत्रवाल्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. त्या केंद्रावर स्वतःचा स्टुडिओच नव्हता. ते ब्रेस्लाऊ शहराच्या केंद्राचा कार्यक्रम पुढे पाठवत असे. वादळाची सूचना द्यायला ठेवलेल्या मायक्रोफोनवरून पोलिश भाषेतली थोडीशी वाक्ये गेली, ती आसपासच्या भागातच ऐकू आली. म्हणजे रेडिओवरचा हल्ला रेडिओवर फारसा कोणी ऐकलाच नाही. त्याची खरी गरज नव्हती. तो बनाव दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांसाठी होता आणि तिथे तो मोठ्या अक्षरांत पोचला. 1 सप्टेंबरला हिटलर संसदेत म्हणाला की पहाटे पावणेसहापासून आम्ही गोळीबाराला उत्तर देत आहोत. प्रत्यक्षात पावणेसहाला जर्मनीचा हल्ला सुरू होऊन तासभर उलटला होता.

‘उत्तर’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आपल्या मराठी बातम्यांत ‘चोख प्रत्युत्तर’ हा जोडशब्द इतका सहज येतो की कोणी सुरुवात केली हे न सांगताच वाक्य पुरे होते. ‘मुक्त केले’, ‘जिंकले’, ‘व्यापले’, ‘ताबा घेतला’, ‘विलीन केले’ या क्रियापदांत फक्त ‘ताबा घेतला’ हे तपासता येणारे विधान आहे. कोणाचे सैनिक तिथे उभे आहेत एवढेच ते सांगते. ‘व्यापले’ म्हणायला कायद्याचा आधार लागतो, आणि कधी तो असतोही. ‘मुक्त केले’ म्हणायचे तर मुक्त झालेल्यांना विचारावे लागते. ‘विलीन केले’ तर सगळ्यांत फसवे, कारण एका बाजूची घोषणा त्यात घडून गेलेली गोष्ट होऊन बसते.

बातमी कोणत्या वाटेने आली हेही विचारावे लागते. 5 ऑगस्ट 1914च्या पहाटे, ब्रिटन युद्धात उतरून काही तासही झाले नव्हते, तेव्हा एका ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मनीच्या समुद्री तारा तोडल्या. एकही गोळी झाडावी लागली नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या वृत्तपत्रांना युरोपातल्या युद्धाची बातमी मुख्यतः लंडनमार्गे मिळू लागली. खोटे लिहायची गरजही पडत नाही. दुसऱ्याचे म्हणणे उशिरा पोचले तरी काम भागते. आज तारेच्या जागी इंटरनेट बंदी आणि वार्ताहरांना प्रवेशबंदी आली आहे. एखाद्या भागातून बातमी येतच नसेल तर ‘तिथून स्वतंत्र माहिती मिळू शकलेली नाही’ हे वाक्य बातमीच्या पहिल्या परिच्छेदात हवे, शेवटच्या नव्हे.

सर्वांत जास्त नुकसान क्रौर्याच्या बनावट कथांनी केले आहे. एप्रिल 1917मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापले की जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेते कारखान्यात उकळून चरबी काढतात. मुळात एका जर्मन वार्ताहराने आघाडीमागच्या एका कारखान्याचे वर्णन केले होते. तिथे ‘काडाव्हर’पासून वंगणाचे तेल आणि डुकरांचे खाद्य बनत होते. जर्मनमध्ये हा शब्द सहसा मेलेल्या जनावरासाठी वापरतात, घोड्यांची मढी वगैरे. इंग्रजीत तो माणसाचे प्रेत होऊन बसला. एका शब्दाच्या भाषांतरावर ही कथा जगभर फिरली. डिसेंबर 1925मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत जर्मनीचा खुलासा मान्य केला आणि ती कथा खोटी ठरली. हिशेब इथे मिटला नाही. 1943मध्ये नाझींच्या हत्याकांडाच्या खऱ्या बातम्या लंडनला पोचल्या तेव्हा ब्रिटिश संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षांनी त्यांची तुलना याच चरबीच्या कथेशी करून शंका घेतली. 1917चे खोटे 1943च्या खऱ्याच्या आड आले, आणि त्याची किंमत मोजणारे लोक त्या खोट्याशी काडीचाही संबंध नसलेले होते.

कुवेतच्या युद्धातही हेच घडले. 10 ऑक्टोबर 1990 रोजी अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्क गटापुढे एका 15 वर्षांच्या मुलीने सांगितले की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या बाळांना इन्क्युबेटरमधून काढून थंड फरशीवर मरायला ठेवले. हा गट म्हणजे अधिकृत संसदीय समिती नव्हती, त्यामुळे शपथेवरची साक्ष नव्हती. मुलीचे आडनाव सुरक्षेच्या कारणाने लपवले होते. बाळांचा आकडा पुढे 312 झाला आणि एका नामांकित मानवी हक्क संघटनेने डिसेंबरच्या अहवालात तो घेतलाही. 12 जानेवारी 1991 रोजी सिनेटने 52 विरुद्ध 47 मतांनी युद्धाला परवानगी दिली. जानेवारी 1992मध्ये उघड झाले की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती आणि या मोहिमेमागे एक जनसंपर्क कंपनी होती, पैसा मुख्यतः कुवेत सरकारचा. त्या संघटनेने आपला आकडा आधीच मागे घेतला होता. इराकी सैन्याने कुवेतमध्ये केलेल्या हत्या आणि लुटालूट खरी होती. 1914मध्ये बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने हजारो नागरिकांना मारले, लूव्हेनचे ग्रंथालय जाळले, तेही खरे होते. खऱ्यावर खोट्याचा मुलामा चढवला की काही वर्षांनी लोक मुलाम्याबरोबर खरेही खरवडून टाकतात.

लढाई संपल्यावर ‘लोकांनाच विचारू’ असे म्हटले जाते, तेव्हा प्रश्न कसा विचारला आणि मते कोणत्या पातळीवर मोजली यावर सारे ठरते. 1920मध्ये जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या सीमेवरच्या श्लेस्विगमध्ये दोन विभागांत सार्वमत झाले. पहिल्या विभागात मते एकगठ्ठा मोजायची असे ठरले होते; सुमारे 75 टक्के मते डेन्मार्कला पडली आणि सारा विभाग डेन्मार्ककडे गेला. त्यातल्या टोंडर शहरात तीन चतुर्थांशांहून अधिक मते जर्मनीला होती, तरीही. गावागावांनी मोजले असते तर रेषा वेगळी आली असती. 16 मार्च 2014च्या क्रिमियातल्या मतपत्रिकेवर दोन पर्याय होते: रशियात सामील व्हावे, किंवा 1992ची क्रिमियाची घटना परत आणावी. आहे तसेच राहावे, हा तिसरा पर्याय छापलाच नव्हता. त्यावेळी शहरात, रस्त्यांवर बिल्ले नसलेले सशस्त्र सैनिक होते. 27 मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते सार्वमत 100 विरुद्ध 11 मतांनी अवैध ठरवले, 58 देश तटस्थ राहिले. सार्वमताची टक्केवारी छापताना मतपत्रिकेवरचा प्रश्न शब्दशः छापावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तो दोन ओळींत मावतो.

भाषेचे आणि वस्तीचे नकाशे तर जादूच करतात, तेही एकही आकडा खोटा न लिहिता. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचे भूगोलतज्ज्ञ पाल तेलेकी यांनी 1910च्या जनगणनेवरून ‘लाल नकाशा’ काढला. प्रमाण 1:10,00,000. नियम असा की दर 100 माणसांमागे 1 चौरस मिलिमीटर रंग, आणि विरळ वस्तीचा मुलूख पांढरा सोडायचा. हंगेरियन भाषिकांना भडक लाल. रोमानियन भाषिकांची वस्ती बरीचशी डोंगराळ भागात विरळ पसरलेली, त्यामुळे त्यांच्या जागी पांढरे पट्टे आले. दाट वस्तीचे हंगेरियन भाग लालभडक उठून दिसले. याउलट प्रत्येक जिल्हा तिथल्या बहुसंख्याकांच्या रंगाने संपूर्ण भरला, तर रिकाम्या जंगलालाही राष्ट्रीयत्व मिळते आणि जिल्ह्यातल्या शहरात राहणारे अल्पसंख्य नाहीसे होतात. आकडे तेच, चित्र उलटे. शेवटी 4 जून 1920च्या त्रियानोंच्या तहात हंगेरीने आपला सुमारे दोन तृतीयांश मुलूख गमावला, म्हणजे नुसता नकाशा सुंदर असून भागत नाही, जिंकलेल्या बाजूला असावे लागते. पण पुढची वीस वर्षे हंगेरीच्या शाळांत आणि भिंतींवर ‘नाही, नाही, कधीच नाही’ ही घोषणा जुन्या नकाशासकट टिकून राहिली. रेषा बदलली तरी लोकांच्या डोक्यातला नकाशा जागा सोडत नाही. तसाच त्यांच्या तोंडातला गावांचा उच्चारही. लेंबर्ग, ल्वूफ, ल्वोव आणि ल्विव ही आजच्या युक्रेनमधल्या एकाच शहराची नावे, आणि कोणते छापले यावरून छापणारा कोणाच्या बाजूचा हे वाचणाऱ्याला कळते. असे नाव बदललेले शहर बातमीत आले तर आजचे नाव आधी आणि जुने एकदाच, एवढे पाळले तरी पुरे.

आता नकाशाकडे परत येतो, कारण तिथे सुधारणा आजही करता येईल. दोन कॉलमचा नकाशा साधारण 8 सेंटिमीटर रुंद असतो. त्यात 1,200 किलोमीटर रुंदीचा देश बसवला की 1 मिलिमीटर म्हणजे 15 किलोमीटर, आणि अर्ध्या मिलिमीटरची बारीक रेघसुद्धा साडेसात किलोमीटर जमीन झाकते. अशा नकाशावर ‘सैन्य 3 किलोमीटर पुढे सरकले’ हे दाखवताच येत नाही. दाखवले तर ते चित्रकाराच्या हाताचे असते. तेव्हा छोट्या हालचालींसाठी छोट्या भागाचा वेगळा नकाशा घ्यावा, नाहीतर नकाशा देऊच नये. एक शहर पडले म्हणून सारा जिल्हा रंगवू नये. रस्ता आणि शहर ताब्यात असणे वेगळे, मागचे जंगल आणि खेडी ताब्यात असणे वेगळे. मान्य आंतरराष्ट्रीय सीमेला अखंड रेघ, युद्धविराम किंवा नियंत्रण रेषेला तुटक, नुसत्या दाव्याला ठिपक्यांची, असा एकच संकेत वर्षभर पाळावा आणि सूची दर वेळी छापावी. वादग्रस्त भागाला रंग भरू नये, तिरप्या रेषा द्याव्यात. बाण टाळता आले तर फारच बरे. बाण गती दाखवतो आणि गतीचा दावा सहसा एकाच सैन्याचा असतो. ऑनलाइन नकाशावरून नक्कल करताना हेही लक्षात ठेवावे की काही नकाशे पाहणाऱ्याच्या देशाप्रमाणे निराळी सीमा दाखवतात. क्रिमियाच्या बाबतीत रशियातल्या वापरकर्त्यांना अशी निराळी रेषा दिसते.

छायाचित्रांनाही तीच कसोटी. चलतचित्र आले तर सावलीची दिशा, पाट्यांची भाषा, झाडांची पाने आणि त्या दिवशीचे हवामान यांचा मेळ बसतो का ते पाहावे, आणि एखादे चित्र इंटरनेटच्या चित्रशोधात टाकून ते आधी कधी आले होते का हे तपासावे. लष्करी व्हिडिओ गेममधली दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून पुन्हा पुन्हा फिरवली गेली आहेत. उपग्रह छायाचित्राखाली ते कधी घेतले ती तारीख हवी. ते प्रसिद्ध झाले ती तारीख चालणार नाही.

चूक झाली तर खुलासा त्याच पानावर, तितक्याच मोठ्या नकाशासह यावा. पहिल्या पानावरच्या चुकीचा खुलासा आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत आला तर चुकीचा नकाशा जिंकतो. आणि प्रत्येक नकाशाखाली एवढी ओळ असावी: ‘मंगळवार रात्री 10पर्यंतची स्थिती, अखंड रेघ – मान्य सीमा, तुटक – युद्धविराम रेषा, तिरप्या रेषा – दोन्ही सैन्यांचा दावा, खातरजमा झालेली नाही.’ ती 7 पॉइंटच्या टाइपात दोन कॉलमांच्या रुंदीत दोन-तीन ओळींत बसते.

आपला,
एक नियमित वाचक